जौनपूरच्या एका जवाहिऱ्याचा संसार

आपल्या देशात राजांच्या बखरी आहेत, साधुसंतांची चरित्रे आहेत, देवदेवतांची माहात्म्ये तर घरोघर आहेत. परंतु ज्याच्या दुकानातून राजाच्या मुदपाकखान्यास तूप गेले आणि ज्याच्या देणगीतून देवळावर कळस चढला, तो व्यापारी कर्ज कोणाकडून काढीत होता, व्यापार बुडाला म्हणजे घरी काय तोंड दाखवीत होता, पोटचे मूल गेले म्हणजे कसे सोशीत होता, हे सांगणारे पुस्तक शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. वाण्याची वही जमाखर्च चोख सांगते; पण ज्या हाताने ती लिहिली त्या हाताविषयी मात्र ती मुकी असते.

या नियमास एक थोर अपवाद आहे, आणि त्याचीच ओळख आज वाचकांस करून द्यावी असा आमचा मानस आहे. जौनपूर येथे जन्मलेला आणि पुढे आग्र्यास स्थायिक झालेला बनारसीदास नावाचा एक श्रीमाळी जैन जवाहिरी होऊन गेला. त्याने संवत १६९८ म्हणजे इ. स. १६४१ या वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मध्यदेशाच्या बोलीत स्वतःची हकीकत दोहे-चौपायांत लिहिली. पद्यसंख्या ६७५. नाव ‘अर्धकथानक’. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरून, त्यातील अर्धे संपले म्हणून ही अर्धी कथा, असा या नावाचा अर्थ. हस्तलिखितांच्या रूपाने पडून राहिलेला हा ग्रंथ १९४३ साली पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादून मुंबईहून प्रसिद्ध केला, हा आपल्या प्रांताचाही त्याच्याशी जडलेला एक धागा होय. हिंदी भाषेतील पहिले आत्मचरित्र म्हणून विद्वान त्याची गणना करतात. आम्हांस मात्र त्याचे मोल वेगळ्याच कारणासाठी वाटते. आपल्या घरांत ज्या गोष्टी दार लावून बोलतात, त्या या गृहस्थाने दार उघडून सांगितल्या आहेत.

प्रथम घराण्याविषयी. बनारसीदासाचा आजा मूलदास हा हिंदवी व फारसी जाणणारा असून, माळव्याकडील नरवर येथे एका मोगल उमरावाचा मोदी होता. मोदी म्हणजे कोठीचा कारभारी. आपल्याकडे हा शब्द आडनाव होऊन राहिला आहे. संवत १६१३ मध्ये मूलदास वारला. त्याची चिता विझते न विझते तोच त्या उमरावाने घरास मोहर लावून सारी चीजवस्तू जप्त केली. विधवा स्त्री पाच वर्षांच्या खरगसेनास घेऊन निघाली ती जौनपुरास आपल्या माहेरी. तिचा बाप मदनसिंग हा जवाहिरी होता. त्याने लेकीस व नातवास पोटाशी धरले. खरगसेन नाणी पारखण्यास, रत्ने ओळखण्यास, हिशेब लिहिण्यास शिकला. पुढे लहान वयातच तो बंगाल्यात गेला आणि तेथे एका श्रीमाळी दिवाणाच्या हाताखाली चार परगण्यांचा पोतदार झाला. पोतदार हाही आपल्या ओळखीचाच शब्द. परंतु सहा-सात महिन्यांत तो दिवाण अकस्मात मरण पावला आणि धन्याच्या पाठीमागे आपली गत काय होईल हे आईच्या अनुभवाने जाणणारा हा पोरगा जीव घेऊन जौनपुरास पळून आला.

एकाच घरात दोन पिढ्यांनी अनुभवलेली ही गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. त्या काळी धन मिळविणे कठीण नव्हते. राखणे कठीण होते. अधिकाऱ्याची मर्जी हीच त्याची वखार आणि तिला कुलूप नसे.

खरगसेनाने नंतर आग्र्यास व जौनपुरास व्यापार करून बस्तान बसविले. मेरठकडील एका श्रीमाळी घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. पहिला मुलगा आठ-दहा दिवसांतच गेला. पुढे संवत १६४३ च्या माघात, म्हणजे १५८७ च्या प्रारंभी, दुसरा मुलगा झाला, त्याचे नाव विक्रमाजित ठेवले. मूल काही महिन्यांचे असता आईबाप त्यास घेऊन काशीस पार्श्वनाथाच्या दर्शनास गेले. तेथील पुजाऱ्याने डोळे मिटून ध्यान केल्यासारखे केले आणि सांगितले की, यक्षाने दर्शन देऊन आज्ञा केली आहे, मुलास पार्श्वप्रभूंच्या जन्मनगरीचे नाव ठेवा म्हणजे तो चिरंजीव होईल. आईबापांनी ते आनंदाने मान्य केले आणि विक्रमाजिताचा बनारसीदास झाला. पन्नास वर्षांनी हे लिहिताना बनारसीदास पुजाऱ्याच्या कपटास कपटच म्हणतो. पण आईबापांच्या भोळेपणास हसत नाही. एक मूल गमावलेल्या जोडप्याने दुसऱ्यासाठी काय करू नये?

आठव्या वर्षी मुलगा पांड्याच्या शाळेत गेला, नवव्या वर्षी वाङ्निश्चय झाला, अकराव्या वर्षी खैराबादेस लग्न झाले. वरात जौनपुरास परत आली त्याच दिवशी घरात एक मुलगी जन्मास आली आणि वृद्ध आजीने प्राण सोडला. एका छपराखाली एकाच दिवशी जन्म, मरण आणि नव्या सुनेचे पाऊल! संसार म्हणजे दुसरे काय, एवढेच म्हणून लेखक पुढे जातो. ज्या घरांत एकाच वेळी तीन पिढ्या नांदतात, त्यांस या प्रसंगाची टीका करून सांगण्याची जरुरी नाही. एका खोलीत सुईण आणि दुसऱ्या खोलीत तुळशीपत्र, हे आपणही पाहिले आहे.

संवत १६५५, म्हणजे १५९८ च्या सुमारास, जौनपूरचा सुभा किलीच खान याने शहरातील झाडून साऱ्या जवाहिऱ्यांस पकडले. त्याने जे मागितले ते त्यांच्यापाशी नव्हते. त्याने त्यांस कोंडले, मरेमरेतो फटके मारविले आणि मग सोडून दिले. घरी येताच सर्वांनी एकविचाराने बायकामुलांसह गाव सोडला; कोण कोठे गेला याचा मेळ राहिला नाही. खरगसेन भर पावसात, काळोख्या रात्री, कुटुंबास घेऊन शहजादपुरास पोहोचला आणि तेथे रडू लागला. तेव्हा करमचंद नावाच्या वाण्याने त्यास ओळखून, आपले भरलेले घर जसेच्या तसे त्याच्या स्वाधीन केले व आपण दुसरीकडे राहावयास गेला. सुभेदाराचे नाव इतिहासात आपोआप राहिले असते. करमचंदाचे नाव राहिले ते केवळ एका कृतज्ञ मुलाने ते लिहून ठेवले म्हणून. इतिहासाचे हे एक ऋण या छोट्या ग्रंथाने फेडले आहे.

याच शहजादपुरात बाप प्रयागास गेला असता लहान बनारसीने कवड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. पहिली मिळकत झाली ती त्याने आजीच्या हातावर ठेवली. म्हातारीने तिची मिठाई आणून कुळातील सतीच्या नावाने वाटली. नातवाच्या पहिल्या कमाईचा आनंद नात्यांत आणि शेजाऱ्यांत वाटल्यावाचून आजीचे समाधान होत नाही, हे तीनशेच काय पण हजार वर्षांनीही बदलणारे नाही.

चौदाव्या वर्षी मुलाने पंडित देवदत्ताजवळ नाममाला, अनेकार्थ, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास केला. कोकशास्त्रही त्यातच आले. आणि मग तो बिघडला. घरातून माणके चोरावी, प्रेयसीस विडे आणि मिठाई पाठवावी, शृंगारकाव्य रचावे, असा क्रम चालू झाला. नवरसांवर त्याने एक हजार पद्यांचे पुस्तकही लिहिले. वडीलधाऱ्यांनी समज दिली की, फार शिकणे हे ब्राह्मणाचे आणि भाटाचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे. फार शिकेल तो भीक मागेल. आम्ही आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहिलो, तेव्हा हा उपदेश वाचून आम्हांस हसू आले आणि पेन्शनचा आकडा आठवून ते हसू थोडे आवरलेही. पण विनोद बाजूस ठेवला तर त्या वृद्धांच्या म्हणण्यात व्यवहार होता. विद्या घरात आली, पण तिला वळण लावणारे कोणी नव्हते, हा त्यांचा खरा घोर होता.

सुमारे सोळा वर्षांचा असता तो सासरी खैराबादेस गेला आणि तेथे एका भयंकर रोगाने पछाडला. सर्वांगास फोड आले. अंगाची दुर्गंधी अशी की सासरची पुरुषमाणसे जवळ बसेनात. फक्त दोघीजणी जवळ राहिल्या, बायको आणि सासू. त्या दोघी त्याला घास भरवीत, लेप लावीत. अखेर एका न्हाव्याच्या औषधाने व अळणी चण्यांच्या पथ्याने तो उठला. ज्या नवऱ्याने इतरत्र मन गुंतविले होते, त्याची ही सेवा. आणि ही गोष्ट तोच सांगतो, काही न लपविता.

संवत १६६२ मध्ये, इ. स. १६०५ साली, अकबर बादशहा आग्र्यास वारला. ही वार्ता जौनपुरास आली तेव्हा बनारसीदास घरातील जिन्यावर बसला होता. ऐकताच तो घेरी येऊन कोसळला, कपाळ फुटले, अंगण रक्ताने भरले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. तिकडे गावात हाहाकार. दुकाने बंद झाली. लोकांनी दागिने जमिनीत पुरले, चांगली वस्त्रे लपवून जाडीभरडी नेसली, शस्त्रे खरेदी केली. श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे ओळखू येईना. कोठे चोर दिसला नाही, दरोडा पडला नाही, तरी दहा दिवस सारे शहर भयाने पिचत राहिले. मग आग्र्याहून पत्र आले की, शहजादा सलीम जहांगीर नावाने तख्तावर बसला, सर्वत्र क्षेम आहे. तेव्हा लोकांचा जीव खाली पडला. बादशहाच्या कर्तृत्वाचे वर्णन करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. पण त्याचे मरण म्हणजे एका सामान्य गृहस्थाच्या घरात काय होते, हे इतक्या स्पष्टपणे अन्यत्र वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही.

याच सुमारास एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांस आपले शृंगारकाव्य वाचून दाखविताना त्याच्या मनात आले, की एक खोटे बोलणारा नरकात जातो, तर ज्याने आख्खे पुस्तक खोट्याने भरले त्याचे काय? त्याने ती पोथी नदीत फेकली. पाने पसरून वाहत गेली, मित्र हाय हाय करीत राहिले, आणि घरी खरगसेनाच्या आनंदास पार राहिला नाही.

येथे मराठी वाचकास देहूची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बनारसीदासाने आपली अर्धी कथा पुरी केली त्या १६४१ साली तुकोबा हयात होते. तेही वाणी, दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी गेली, दुकान बुडाले, कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची आणि अभंगांच्या वह्या त्याच नदीत बुडविल्या गेल्याची कथा परंपरा सांगते. गोमती आणि इंद्रायणी यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. अधिकारात फार अंतर आहे. तरी एकाच शतकात दोन दुकानदार तराजू हाती धरून देवाकडे वळत होते, ही गोष्ट चिंतनीय आहे.

पोरगा मार्गावर आला असे पाहून खरगसेनाने १६१० च्या सुमारास त्यास स्वतंत्र व्यापारास पाठविले. काही माणके, नीळ, पाचू, अंगठ्या, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड. सारा मिळून दोनशे रुपयांचा माल. गाडीवर लादून तो आग्र्याकडे निघाला. वाटेत इटाव्याजवळ वादळी पाऊस. सराईत जागा नाही. शेवटी एका झोपडीत, एका इसमाच्या बाजेखाली, गोणपाटावर त्याने व त्याच्या सोबत्यांनी रात्र काढली. आग्र्यास पोहोचल्यावर नशीब आणखी रुसले. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने गाठ सुटून कोठे पडली ती पडली. कापडात बांधून ठेवलेली माणके उंदराने नेली. उरलेला माल तोट्यात गेला. बाजारात जाण्याची लाज वाटू लागली, तेव्हा तो रात्री ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवू लागला. ऐकावयास दहा-वीस माणसे जमत. त्यांतच एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून हा रोज उधारीवर कचोऱ्या खाई. एके दिवशी एकांतात बनारसीने त्यास खरे सांगितले, की माझ्यापाशी कवडी नाही, पुढे उधार देऊ नकोस. तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, तुम्हांस कोणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिन्यांचे बिल चौदा रुपये झाले आणि पुढे हाती पैसा आल्यावर ते चुकते झाले. पोट आणि अब्रू या दोहोंस एका गरीब फेरीवाल्याने सांभाळले.

पुढील भागीदारीतही मिळविले तितके खर्ची पडून तो रित्या हाताने खैराबादेस सासरी आला. आता जो प्रसंग आला आहे तो आमच्या वाचक भगिनींनी मुद्दाम वाचावा. रात्री पत्नीने कुशल विचारले. प्रथम त्याने थाप मारली; मग सर्व खरे सांगितले. तिने आपल्या जवळचे जपून ठेवलेले वीस रुपये काढून त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, मनुष्य जिवंत असला म्हणजे सर्व काही होते. एवढ्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या आईस एकांतात गाठून, नवऱ्याची फजिती चौघांत न होऊ देता, तिच्याकडून दोनशे रुपये मिळविले. बापाने व्यापारास दिलेला सारा माल दोनशेचा; सासूने गुपचूप दिलेली रोकडही दोनशेच. त्याच पैशावर कापड व मोती घेऊन तो पुन्हा आग्र्यास गेला आणि यावेळी मोत्यांत त्यास नफा झाला. आपल्या घरोघरच्या भरभराटीच्या पाठीमागे डब्यातले असे किती वीस रुपये असतील, त्यांची नोंद कोणत्या खतावणीत आहे?

प्रवासातील दोन हकीकती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एकदा वाट चुकून तो, त्याचा जिवलग मित्र नरोत्तमदास व आणखी एक सोबती असे तिघे दरोडेखोरांच्याच गावात शिरले. प्रसंगावधान राखून बनारसीने श्लोक म्हणून आशीर्वाद दिला. चोरांच्या नायकाने ब्राह्मण समजून त्यांस चौपालीत जागा दिली. रात्री तिघांनी सूत काढून जानवी वळली, मातीत पाणी कालवून गंध लावले आणि सकाळी नायकाने स्वतः वाट दाखविली. आमच्या पंक्तीतील कोणी यावर रागावू नये. संस्कृत शिकल्याचा इतका रोकडा लाभ आम्हांसही कधी झाला नाही. दुसऱ्या वेळी एका सराईत सोबत्याच्या खोट्या रुपयावरून सगळ्यांवर बनावट नाण्यांचा आळ आला. रात्रभर पहारा बसला, सकाळी सुळापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा जवळच्या गावी आपल्या धाकट्या भावाची सोयरीक झाल्याचे त्यास आठवले. ते लोक ओळखीस धावून आले आणि सर्वांचे प्राण वाचले. सोयरीक ही त्या काळी केवळ मांडवाची शोभा नव्हती. परमुलखात तीच जामीन, तीच पेढी आणि तीच कचेरी.

यानंतर मात्र ग्रंथ वाचताना मन जड होते. एके दिवशी बापाचे पत्र आले. पत्नीस तिसरा मुलगा झाला, तो गेला, पाठोपाठ तीही गेली. आणि त्याच पत्रात पुढे होते, की तिच्या धाकट्या बहिणीचा नारळ घेऊन खैराबादेहून न्हावी आला, तो आम्ही स्वीकारला. एका कागदावर सुतक आणि सोयरीक! जिने वीस रुपये दिले ती अशी एका ओळीत संपली. घराचा गाडा थांबू नये म्हणून वडिलांनी जे केले त्यास त्या काळी सर्व जण शहाणपण म्हणाले असतील. ते वाचताना आमचा घसा दाटून आला, एवढेच आम्ही सांगतो.

संवत १६७३ मध्ये खरगसेन वारला. त्याच वर्षी आग्र्यास गाठीचा रोग पसरला. उंदीर पटापट मरत, गाठ उठताच माणूस जाई, वैद्यही सुटत नसत, लोक भयाने अन्न खाईनात. प्लेगचे हे वर्णन पुण्या-मुंबईकडील १८९७ च्या आठवणी वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेल्यांस तंतोतंत पटेल. बनारसीदास जवळच्या एका खेड्यात जाऊन राहिला.

तीन लग्ने झाली. मुले नऊ झाली, दोन मुली व सात मुलगे. नऊच्या नऊ गेली. शेवटी पतिपत्नी दोघेच उरली, पानगळीनंतरच्या झाडाप्रमाणे.

या दुःखात त्यास अध्यात्माचा आधार मिळाला. कुंदकुंदाचार्यांचे ‘समयसार’ वाचून प्रथम तो गोंधळला. क्रियाकर्म सोडून मित्रांसह नग्न मुनींचे सोंग आणून खोलीत नाचण्यापर्यंत मजल गेली, हेही त्यानेच लिहिले आहे. पुढे पंडित रूपचंद भेटले, दृष्टी स्थिर झाली आणि १६३६ साली त्याने ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ रचला. जैन समाजात तो आजही आदराने वाचला जातो.

ग्रंथाच्या अखेरीस बनारसीदासाने स्वतःचा ताळेबंद मांडला आहे. जमेस गोड वाणी, क्षमा, संतोष, काव्याचे ज्ञान. खर्चास लोभ, जपतपाचा आळस, थट्टेत खोटे बोलणे, अकारण भय, आणि एकांत मिळाला की नाचू लागणे! वाण्याच्या वहीत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात; आत्मचरित्रातही तसेच करावे हे त्यास त्याच्या धंद्यानेच शिकविले असावे. आपल्याकडे बहिणाबाईंनी अभंगांत आत्मनिवेदन केले, नाना फडणविसांनीही आपले थोडे वृत्त लिहून ठेवले; पण साध्या गृहस्थाश्रमी माणसाने लिहिलेले असे काही क्वचितच आढळते.

आमची वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या घरी आजोबा असतील, आजी असतील. त्यांस सांजवेळी जवळ बसून विचारावे, की गाव का सोडला, दुकान केव्हा बुडाले, कोणी घर उघडून दिले, कोणी डब्यातले पैसे काढून दिले, कोणती मुले गेली व त्यांची नावे काय होती. ते वहीत लिहून ठेवावे, आणि बनारसीदासाप्रमाणे उणे लिहिण्यासही भिऊ नये. आमच्या आजीने पाच मुले गमावली असे आम्ही लहानपणी ऐकले होते. त्यांची नावे तिला विचारावी असे आमच्या मनात आले तेव्हा ती सांगावयास उरली नव्हती.